एक करार आणि तीन पोरे

गेल्या दिवाळीत या पानावर मी कशावर लिहिले होते हे आता माझ्याच लक्षात नाही. वाचकांनी ते लक्षात ठेवावे अशी अपेक्षाही नाही. यंदाचा विषय वाचून मात्र आमच्या विभागप्रमुखांच्या भुवया वर चढणार, हे मी आताच सांगून ठेवतो. विषय हॉकीचा आहे, आणि तोही आपल्या ध्यानचंदांच्या हॉकीचा नव्हे. पायात पोलादी पात्यांचे बूट बांधून बर्फावर खेळतात त्या हॉकीचा. मराठीच्या मास्तराला त्यातले काय कळते, असे कोणी विचारील. खरे सांगायचे तर काहीच कळत नाही. ती काळी रबरी चकती कुठे आहे हे मला गोल झाल्यावर कळते, आणि तेही शेजारचा माणूस ओरडला म्हणून. पण त्या खेळाभोवती माणसांच्या अदलाबदलीचा जो व्यवहार चालतो, त्यावर २०२५च्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे रोज रात्री जेवणाच्या टेबलावर व्याख्याने ऐकली आहेत. एवढी व्याख्याने मी एम.ए.ला असतानाही ऐकली नव्हती.

माझी थोरली बहीण अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहते. दाजी १९९६ साली पुण्याहून तिकडे गेले, मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून. पहिल्या हिवाळ्यात त्यांना फक्त थंडी दिसली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे १९९७च्या जूनमध्ये, तिथल्या रेड विंग्ज संघाने ४२ वर्षांनी स्टॅन्ले चषक जिंकला, सारे गाव रस्त्यावर लोटले, आणि त्या गर्दीत दाजी कायमचे हरवले. तेव्हापासून ताईच्या घरात गणपतीच्या खालोखाल मान रेड विंग्जला आहे. या संघाचे प्रेक्षक महत्त्वाच्या सामन्यात बर्फावर मेलेला अष्टपाद प्राणी फेकतात. ही प्रथा १९५२ पासूनची आहे म्हणे. ताईने तो प्राणी घरात आणू दिलेला नाही, एवढीच त्या भक्तीला मर्यादा.

भाचा चोवीस वर्षांचा. जन्म तिकडचा, मराठी आपले, पण क्रियापदे जरा घसरतात. तोही इंजिनिअर, तोही मोटारींच्याच धंद्यात, पण दुसऱ्या कंपनीत, दोन वर्षांपूर्वी लागलेला. बाप आणि मुलगा एकाच संघाचे भक्त असूनही त्या संघाने केलेल्या कुठल्याही व्यवहारावर त्यांचे एकमत झाल्याचे मी पाहिले नाही.

शुक्रवार, २७ जूनची गोष्ट. त्या दिवशी न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाने आपला २५ वर्षांचा बचावपटू नोआ डॉब्सन माँट्रियलला देऊन टाकला. बदल्यात एमिल हाइनेमन नावाचा एक आघाडीचा खेळाडू आणि त्याच संध्याकाळी होणाऱ्या नव्या पोरांच्या निवडीतली १६वी आणि १७वी पाळी घेतली. माँट्रियलने डॉब्सनशी ८ वर्षांचा, ७ कोटी ६० लाख डॉलरांचा करार केला. संध्याकाळी आयलंडर्सची निवडीतली पहिलीच पाळी होती. तीत त्यांनी मॅथ्यू शेफर हा १७ वर्षांचा मुलगा उचलला. तोही बचावपटूच.

"म्हणजे तयार झालेला दिला आणि कच्चा घेतला," दाजी पोळी मोडत म्हणाले. "सात वर्षं ज्याला घडवला त्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडला."

"बाबा, तयार झाला म्हणूनच दिला ना!" भाचा म्हणाला. "आता त्याला वर्षाला पंचाण्णव लाख द्यावे लागतात. कच्च्याला दहा लाख."

माझ्यासारख्या अनभिज्ञ वाचकासाठी इथे थोडे थांबले पाहिजे. या लीगमध्ये ३२ संघ आहेत, आणि एका संघाने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करावा याला वरून मर्यादा आहे. २००४-०५चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात बुडाला, त्यानंतर ही मर्यादा आली. गंमत अशी की तिला खालूनही हद्द आहे: इतक्यापेक्षा कमी खर्च करता येत नाही. २०१६-१७ मध्ये वरची हद्द ७ कोटी ३० लाख डॉलर होती आणि खालची ५ कोटी ४० लाख. या दोन भिंतींमध्ये संसार करायचा. श्रीमंताला पैसा असून उधळता येत नाही आणि गरिबाला नसला तरी खर्च दाखवावा लागतो.

या संसारात पोरगा स्वस्त असतो. अठरा वर्षांचा मुलगा निवडला गेला की त्याचा पहिला करार तीन वर्षांचा, आणि मूळ पगाराला कडक मर्यादा; त्या काळी ती वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलर होती. तेच काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाला पन्नास-साठ लाख मोजावे लागतात. म्हणून तरुण बचावपटू हाती असणे म्हणजे नुसता खेळाडू असणे नव्हे. बाकीच्यांचे पगार भागवायला हात मोकळा असणे.

आणि बचावपटूच का? तर बचाव हे या खेळातले सर्वांत उशिरा पिकणारे फळ आहे. आघाडीच्या पोराने चूक केली तर गोल होत नाही, एवढेच. बचावाच्या पोराने चूक केली तर गोल बसतो. त्याला उलटे, पाठमोरे घसरत जायचे असते, समोरून अंगावर येणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता छातीकडे बघायचे असते, आणि कोपऱ्यात चकती मिळाली की दोन माणसे पाठीवर असताना ती कोणाकडे द्यायची हे आधीच ठरवलेले असावे लागते. हे शिकवून येत नाही, मार खाऊन येते. दाजींचे दैवत निकलस लिडस्ट्रॉम. वीस मोसम डेट्रॉइटला खेळला, सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने सात वेळा नेला. त्यातला पहिला २००१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. १९८९ मध्ये त्याची निवड झाली तेव्हा त्याच्याआधी ५२ पोरांची नावे पुकारली गेली होती.

"त्रेपन्नावा!" दाजी हा आकडा असा उच्चारतात की जणू एखाद्या श्लोकाचा क्रमांकच. "थांबले म्हणून मिळाला."

"थांबायला परवडलं म्हणून," भाचा म्हणाला. आणि मग तो विषय निघाला, जो त्या घरात दर उन्हाळ्यात निघतो: २०१६ सालचा दात्स्यूकचा करार.

पावेल दात्स्यूक हा रशियाचा. १९९८ साली १७१वा निवडला गेला आणि पुढे डेट्रॉइटने त्याला जादूगार म्हटले. २००२ आणि २००८ असे दोन चषक त्याच्या काळातले. दुसऱ्याच्या काठीवरून चकती तो अशी काढून घेई की घेतल्यावर त्या माणसाला कळे. बचाव करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूचा सेल्के करंडक तीनदा, आणि सभ्य खेळाचा लेडी बिंग चारदा. चोर आणि सभ्य, दोन्ही बिरुदे एकाच माणसाला मिळाल्याचे असे उदाहरण मला तरी आपल्या वाङ्मयात श्रीकृष्णापलीकडे सापडत नाही.

२०१३ मध्ये डेट्रॉइटने त्याच्याशी आणखी तीन वर्षांचा करार केला, वर्षाला ७५ लाखांच्या हिशेबाने. तो करार सुरू झाला तेव्हा दात्स्यूकने पस्तिशी ओलांडली होती. तेव्हा नियम असा होता की पस्तिशीनंतर सुरू होणारा करार हा दगडावरची रेघ. खेळाडू मध्येच खेळ सोडून घरी गेला तर त्याला पगार देऊ नका, पण त्याची रक्कम तुमच्या मर्यादेत मोजली जाणारच. म्हाताऱ्यांना खोटी लांब वर्षे लिहून देऊन हिशेब पातळ करण्याची जी चलाखी संघ करीत, तिला चाप म्हणून हा नियम. २०१६ च्या जूनमध्ये, एक वर्ष बाकी असताना, दात्स्यूकने सांगितले की मी रशियाला परत जातो. डेट्रॉइटच्या गळ्यात ७५ लाखांचे एक भूत पडले. माणूस नाही, पगार नाही, पण मर्यादेचा दहावा हिस्सा अडलेला.

२४ जून २०१६, बफेलो शहरी निवडीचा दिवस. डेट्रॉइटची पाळी १६वी. त्यांचे व्यवस्थापक केन हॉलंड यांनी ती १६वी पाळी आणि दात्स्यूकचे भूत असे दोन्ही उचलून अ‍ॅरिझोना कायोटीजला दिले. अ‍ॅरिझोना हा वाळवंटातला गरीब संघ. त्यांची अडचण उलटी होती: खर्चाची खालची हद्द गाठायची कशी? एक पैसा न देता ७५ लाख हिशेबात दाखवता येणारे भूत त्यांना हवेच होते. त्यांचे नवे व्यवस्थापक जॉन चायका अवघे २७ वर्षांचे होते. त्यांनी भूत घेतले, आणि बदल्यात आपली २०वी आणि ५३वी पाळी दिली. सोबत जो व्हिटाले नावाचा एक खेळाडूही डेट्रॉइटच्या पदरात टाकला. ते मीठमिरची समजा.

१६व्या पाळीला अ‍ॅरिझोनाने उचलला जेकब चिकरन. बचावपटू, वय १८. बाप जेफ चिकरन हाही एके काळचा याच लीगमधला बचावपटू. २०व्या पाळीला डेट्रॉइटने घेतला डेनिस चोलोव्स्की. बचावपटू. आणि ५३व्या पाळीला, हो, लिडस्ट्रॉमच्याच त्या त्रेपन्नाव्या पाळीला, फिलिप ह्रोनेक हा झेक मुलगा. तोही बचावपटू. एका म्हाताऱ्याच्या कराराच्या मोबदल्यात तीन घरच्या तीन पोरांची नशिबे त्या संध्याकाळी इकडची तिकडे झाली.

"आता सांगा मामा," भाचा म्हणाला, "कोण जिंकलं?"

मी म्हणालो, "पुढे काय झालं ते तर सांग."

पुढे असे झाले. चिकरन त्याच मोसमात, अठराव्या वर्षी, अ‍ॅरिझोनाकडून खेळू लागला आणि दाजींना पहिल्या दिवसापासून सलू लागला. चोलोव्स्की २०१८ मध्ये डेट्रॉइटला आला, जमला नाही, २०२१ मध्ये सिअ‍ॅटलचा नवा संघ निघाला तेव्हा तिकडे गेला आणि मग गावोगाव फिरत राहिला. ह्रोनेक मात्र हळूहळू पिकला. आणि मग १ मार्च २०२३. त्या एकाच दिवशी अ‍ॅरिझोनाने चिकरनला ओटावाकडे पाठवले आणि डेट्रॉइटने ह्रोनेकला व्हँकुव्हरकडे. दोघांच्याही बदल्यात आणखी नव्या पोरांच्या पाळ्या. ह्रोनेकच्या बदल्यात मिळालेल्या १७व्या पाळीवर डेट्रॉइटने त्या जूनमध्ये अ‍ॅक्सेल सँडिन-पेलिका नावाचा स्वीडनचा मुलगा निवडला. सांगायला नकोच, बचावपटू.

"म्हणजे हिशेब अजून चालूच आहे," मी म्हणालो.

"हिशेब कसला," दाजी म्हणाले. "घरातलं पोर देऊन कर्ज फेडलं. आमच्याकडे याला काय म्हणतात ते तू मराठी शिकवतोस, तूच सांग."

"पोर अजून आपलं नव्हतंच बाबा! सोळावी पाळी होती फक्त. चार जागा मागे गेलो, आणि वर एक ह्रोनेक मिळाला. पंचाहत्तर लाख मोकळे झाले. इट्स मॅथ."

"मोकळे झाले आणि गेले कुठं?"

इथे भाचा थोडा गप्प झाला, कारण दाजींचा मुद्दा बिनतोड होता. ते पैसे मोकळे करायचे होते ते टँपाच्या स्टीव्हन स्टॅमकॉससाठी, असे तेव्हा सारे गाव बोलत होते. पाचच दिवसांनी, २९ जूनला, स्टॅमकॉसने टँपालाच राहायचे ठरवले. १ जुलैला डेट्रॉइटने फ्रान्स नील्सन या ३२ वर्षांच्या डॅनिश खेळाडूशी ६ वर्षांचा, ३ कोटी १५ लाखांचा करार केला. म्हणजे एका म्हाताऱ्या कराराच्या जागी दुसरा होऊ घातलेला म्हातारा करार. माणूस चांगला, खेळही बरा. पण ६ वर्षे. आणि ज्या परंपरेसाठी हे सारे चालले होते, सलग २५ मोसम अंतिम फेऱ्यांत जाण्याची, ती पुढच्याच वर्षी तुटली. २०१७ ते २०२५ सलग नऊ वर्षे डेट्रॉइट त्या फेऱ्यांत गेले नाही.

माझे मत विचाराल तर मी २४ जूनपुरता भाच्याच्या बाजूचा आहे आणि १ जुलैपासून दाजींच्या. व्यवहार वाईट नव्हता. भूत काढायला चार पायऱ्या खाली उतरावे लागले, एवढेच. पण भूत काढले कशासाठी? थांबता यावे म्हणून काढले असते तर गोष्ट वेगळी. दात्स्यूकचे ७५ लाख हे कर्ज होते ते एका वर्षाचे. खरे कर्ज त्या २५ वर्षांचे होते. अजून एक वर्ष, अजून एक वर्ष, खंड पडू देऊ नका. ज्याच्यावर असले कर्ज असते त्याला पोराच्या चुका सहन करायला सवड नसते. अ‍ॅरिझोनाला परंपरा नव्हती, प्रेक्षक नव्हते, पुढे तर त्यांच्यापाशी स्वतःचे मैदानही उरले नाही आणि २०२४ मध्ये सारा संघच यूटाला गेला. त्यांच्यापाशी फक्त वेळ होता. पोरगा त्यांना मिळाला.

"आणि नील्सनचं काय झालं?" मी विचारले. विचारायला नको होते.

"बायआउट," भाचा म्हणाला. "२०२१ मध्ये. एक वर्ष राहिलं होतं. राहिलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, दुप्पट वर्षांत वाटून, आणि जा म्हणायचं. क्लीन. सगळ्यांना बरं. म्हातारा करार ठेवून काय करणार? तो जागा अडवतो मामा. त्याच्यामागे पोरं थांबलेली असतात."

ताईने भाच्याच्या ताटात न मागता भात वाढला. दाजी उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक लांब पाकीट घेऊन आले. ते त्यांनी लोणच्याच्या बरणीला टेकवून उभे केले.

"मलाही आलंय," ते म्हणाले. "बायआउट. कंपनी याच शब्दानं म्हणते. एकोणतीस वर्षं झाली. सप्टेंबरअखेर कळवायचं."

भाच्याने पाकिटाला हात लावला नाही. ताईला ठाऊक होते हे तिच्या चेहऱ्यावरून दिसले. मुलाला सांगितले नव्हते. मी पाहुणा. मला त्या क्षणी पाण्याचा तांब्या भरून आणणे अत्यंत आवश्यक वाटले, आणि मी स्वयंपाकघरात गेलो. परत आलो तेव्हा दाजी हसत होते.

"मी पस्तीस-प्लस आहे," ते भाच्याला म्हणत होते. "मला अ‍ॅरिझोनाला पाठवतील. उन्हात बरं आहे."

"बाबा, मी तुमच्याबद्दल नव्हतो बोलत."

"अरे, मग कोणाबद्दल बोलत होतास? नील्सनला बायकापोरं नाहीत?"

दुसऱ्या दिवशी दाजी मला गाडीतून गावात घेऊन गेले. रेड विंग्जचे जुने मैदान आता राहिलेले नाही. २०१७ पासून ते नव्या जागी खेळतात. गाडी चालवताना दाजींना बोलायला सोपे जाते असे दिसले. कंपनीबद्दल ते काही बोलले नाहीत. ख्रिस प्रॉन्गरबद्दल बोलले.

प्रॉन्गर १९९३ साली दुसऱ्या पाळीला निवडला गेलेला बचावपटू. हार्टफर्डला दोन वर्षे खेळला, चुकला, लोकांनी शिव्या दिल्या, आणि १९९५ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी हार्टफर्डने त्याला सेंट लुईसला देऊन ब्रेंडन शानाहान घेतला. ("तोच शानाहान पुढच्या वर्षी आमच्याकडे आला आणि आम्ही चषक जिंकला," हे दाजींनी कंसातच सांगितले.) पाच वर्षांनी, २००० साली, प्रॉन्गर सर्वोत्तम बचावपटू तर ठरलाच, पण साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला, बॉबी ऑरनंतर २८ वर्षांनी एका बचावपटूला तो मान मिळाला. २००९ मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी पाळ्या आणि लुका स्बिसा नावाचा एक तरुण बचावपटू मोजला, वर सात वर्षांचा नवा करार दिला. २०११ च्या नोव्हेंबरात डोळ्याच्या आणि डोक्याच्या दुखापतींनी तो खेळायचा थांबला तो कायमचा. करार मात्र चालूच. २०१५ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाने तो करार अ‍ॅरिझोनाला दिला, आणि त्याच नोव्हेंबरात प्रॉन्गर हॉकीच्या सन्मान-मंदिरात दाखल झाला. कागदावर अ‍ॅरिझोनाचा चालू खेळाडू, प्रत्यक्षात लीगच्याच कचेरीत नोकरी, आणि भिंतीवर तसबीर.

"म्हणजे एकच माणूस," दाजी म्हणाले, "आधी त्याच्यासाठी पोरं देतात आणि मग त्यालाच घालवतात."

मी म्हणालो, "मध्ये इतकी वर्षं खेळलाही."

"ते कोण मोजतो?" ते म्हणाले, आणि सिग्नल सुटला.

शे वेबरची कथा त्याहून लांब आहे. २०१२ मध्ये नॅशव्हिलने त्याच्याशी १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरांचा करार मान्य केला; फिलाडेल्फियाने लालूच दाखवली म्हणून मान्य करावा लागला. चार वर्षांनी तो पी. के. सुब्बनच्या बदल्यात माँट्रियलला गेला. २०२१ मध्ये माँट्रियलला अंतिम सामन्यापर्यंत नेऊन त्याचे शरीर संपले. कराराची पाच वर्षे उरली होती. तो करार आधी वेगासला, मग अ‍ॅरिझोनाला, तिथून सामानासकट यूटाला आणि २०२५ च्या मार्चमध्ये शिकागोला गेला. माणूस घरी, करार प्रवासात. २०२४ च्या नोव्हेंबरात टोरांटोला वेबर आणि दात्स्यूक यांचा एकाच समारंभात सन्मान झाला. आणि त्याच समारंभात नॅशव्हिलचे जुने व्यवस्थापक डेव्हिड पॉइल यांचाही, ज्यांनी तो करार मान्य केला आणि ज्यांनी वेबरला देऊनही टाकले. तिघांनी एकमेकांशी काय बोलणे केले असेल ते ऐकायला मी अमेरिकेचे तिकीट पुन्हा काढले असते.

गाडी लावताना दाजी एवढेच म्हणाले, "पोरं शिकतात कोणाशेजारी उभं राहून, हे त्या कागदात कुठं लिहिलेलं नसतं. मी गेल्या वर्षी दोघांना तयार केलं. चांगली पोरं आहेत."

मी गप्प राहिलो. नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवल्यानंतर ज्यांच्या निवृत्तीमुळे मला कायम जागा मिळाली, ते सर शेवटच्या वर्षी मला वर्गात मागे बसवून घेत असत. तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्या निवृत्तीचे महिने मोजत होतो. हे मी दाजींना सांगितले नाही. इथे लिहिले आहे.

राहता राहिली ती तीन पोरे. चोलोव्स्कीचे सांगितलेच. ह्रोनेकने २०२४ मध्ये व्हँकुव्हरशी ८ वर्षांचा, ५ कोटी ८० लाखांचा करार केला. चिकरन ओटावाहून वॉशिंग्टनला गेला आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्यानेही ८ वर्षांचा करार केला, ७ कोटी २० लाखांचा. तो करार संपेल २०३३ मध्ये. तेव्हा दात्स्यूकच्या भुताबरोबर अ‍ॅरिझोनाला गेलेला तो मुलगा ३५ वर्षांचा असेल. भाच्याने हे गणित मला विमानतळावर करून दाखवले, आणि मग जरा घुटमळून विचारले, "मामा, बाबांनी ते घ्यावं का?"

"तू काय म्हणतोस?"

"गणितानं घ्यावं," तो म्हणाला. "पण मी सांगणार नाही."

दाजींनी ते घेतले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सही केली, हे मला ताईकडून कळले. १० ऑक्टोबरला, आपल्याकडे सकाळ असताना, दाजींचा फोन आला. आदल्या रात्री मोसमाचा पहिला सामना झाला होता, घरच्या बर्फावर, आणि समोर माँट्रियल. म्हणजे तोच डॉब्सन. आणि डेट्रॉइटच्या लाल अंगरख्यात सँडिन-पेलिका पहिल्यांदा उतरला होता, दात्स्यूकच्या करारातून ह्रोनेक आणि ह्रोनेकमधून निघालेला तो वीस वर्षांचा मुलगा. डेट्रॉइट हरले.

"पोरगा कसा वाटला?" मी विचारले.

"लहान आहे अजून. चार-पाच वर्षं लागतील." मग थोडे थांबून, "बघू की. आता मी रोज बघणार आहे. हा पण येतो रविवारी."

मागून ताईचा आवाज आला, फोन इकडे द्या म्हणून. तिला चकलीच्या भाजणीत धने किती घालायचे ते आईला विचारायचे होते. आई देवळात गेली होती. मी सांगितले ते प्रमाण चुकीचे निघाले, असे नंतर कळले.